लोकांकडून नकाशा भरून घ्यायचाय? डिझर्टेशनसाठी लोकसहभागी ऑनलाइन मॅपिंग, पहिल्यापासून

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी विषय ठरवताना मी गाइडना मोठ्या उत्साहाने म्हणाले होते, "सर, एक ऑनलाइन नकाशा करते, लिंक व्हॉट्सॲपवर टाकते, लोक अडचणीच्या जागी ठिपके टाकतील, मग ॲनालिसिस." सर नुसतं "बरं" म्हणाले. दोन आठवड्यांनी नकाशावर अकरा ठिपके होते. त्यातले चार वर्गातल्या मैत्रिणींनी लिंक चालते का बघायला टाकलेले आणि एक अरबी समुद्रात.

माझं क्षेत्र होतं सातारा जिल्ह्यातलं नगरपरिषदेचं एक गाव. प्रश्न असा की बायका आणि शाळेतली मुलं रोज पायी जातात, तिथे त्यांना नेमकं कुठे अडतं. काम अखेर झालं, व्हायवाही झाली. पण ज्या गोष्टी मला पहिल्या महिन्यात कळायला हव्या होत्या त्या आठव्या महिन्यात कळल्या. भूगोल, प्लॅनिंग, समाजकार्य किंवा पर्यावरण यातल्या कुणी असा विषय हातात घेतला असेल, तर हे वाचून निदान माझ्या चुका टाळा. स्वतःच्या नव्या चुका तुम्ही करालच.

१. विषयाचं मूळ बघून घ्या, पण त्यातच बुडू नका

या विषयाला इंग्रजीत पीपीजीआयएस म्हणतात, म्हणजे लोकसहभागी भौगोलिक माहिती प्रणाली. हा शब्द रूढ झाला तो १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मेन विद्यापीठात झालेल्या बैठकीपासून. त्याआधी वाद पेटला होता तो असा, की जीआयएस हे सरकारच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या हातातलं हत्यार आहे, सामान्य माणसाचं त्यात स्थान काय?

वेबवरचा प्रयोग म्हणून एक उदाहरण वाचाच, ते इंग्लंडमधल्या स्लेथवेटचं. वेस्ट यॉर्कशरमधलं, हडर्सफील्डजवळचं हे गाव. तिथली माणसं त्याचा उच्चार 'स्लॅविट'च्या जवळपास करतात. १९९८ मध्ये गावाचं भवितव्य ठरवण्यासाठी तिथे 'प्लॅनिंग फॉर रिअल' पद्धतीने त्रिमितीय प्रतिकृती मांडली होती. लोकांनी हव्या त्या जागी सूचनांचे छोटे झेंडे रोवायचे, अशी ती पद्धत. लीड्स विद्यापीठाच्या स्टीव्ह कार्व्हर, रिचर्ड किंग्स्टन, अँडी इव्हान्स आणि इयन टर्टन यांनी त्याच कामाची वेब आवृत्ती केली. नकाशावरच्या इमारतीवर किंवा रस्त्यावर क्लिक करायचं आणि आपलं म्हणणं टाइप करायचं. आज हे बाळबोध वाटेल, पण त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हतं. मला त्यातली महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट: झेंडे आणि क्लिक दोन्ही एकाच गावात होते. संगणकाने प्रतिकृतीला हटवलं नव्हतं. हे मी तेव्हा वाचलं होतं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

याखेरीज शेरी आर्नस्टाईनची १९६९ची सहभागाची शिडी वाचा. आठ पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली लोकांना नुसतं नाचवणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. 'सल्लामसलत' चौथ्या पायरीवर आहे. विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प या चौथ्या पायरीवर असतात, माझाही होता. सिनॉप्सिसमध्ये "लोकांचं सक्षमीकरण" असं लिहिलंत की परीक्षक हीच शिडी काढून विचारणार, "तुम्ही कितव्या पायरीवर?" त्यापेक्षा आधीच खरं लिहा.

भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांचा २००७चा लेख नागरिकांनी स्वतःहून दिलेल्या भौगोलिक माहितीवर आहे, आणि फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात 'सॉफ्टजीआयएस' (लोकांचे अनुभव नकाशावर घ्यायची पद्धत) या नावाने काम झालंय. एवढं वाचलंत की पुढचे संदर्भ आपसूक हाती लागतात. भारतातले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा. शीर्षकात 'पार्टिसिपेटरी' असूनही आत फक्त प्रश्नावली असलेले बरेच भेटतील.

आपल्याकडची परंपरा विसरू नका. ग्रामीण सहभागी मूल्यांकनात गावकरी चावडीपुढे रांगोळीने, खडूने, बियांनी गावाचा नकाशा काढत आले आहेत. शिवार फेरी हा शब्द तर प्रत्येक ग्रामसेवकाला ठाऊक आहे. तुमचा ऑनलाइन नकाशा हा त्याचाच धाकटा भाऊ.

२. प्रश्न इतका लहान करा की तो एका वाक्यात विचारता येईल

"तुमच्या परिसरातल्या समस्या दाखवा" असं विचारलं की लोक कचरा, कुत्री, पाणी, नगरसेवक सगळं दाखवतात आणि तुमच्या हाती खिचडी येते. मी शेवटी दोनच प्रश्न ठेवले: "पायी जाताना तुम्ही कुठून जायचं टाळता?" आणि "कुठे थांबायला बरं वाटतं?" दुसऱ्या प्रश्नाने लोक खुलतात. नुसती गाऱ्हाणी विचारली तर समोरचा तुम्हाला नगरपरिषदेचा माणूस समजतो.

क्षेत्रही आटोपशीर घ्या. संपूर्ण शहर घेण्याचा मोह होतो. एका विद्यार्थ्याला पायी फिरता येतील एवढेच प्रभाग घ्या.

३. कागदपत्रं: हे आधी, सॉफ्टवेअर नंतर

- विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं शिफारसपत्र. तीन-चार मूळ प्रती घ्या, प्रत्येक कार्यालय एक ठेवून घेतं.
- कॉलेजचं ओळखपत्र, गळ्यात अडकवलेलं.
- मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज: काय करणार, कधी करणार, कोणती माहिती गोळा करणार *नाही*.
- तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता. समिती नसेल तर गाइडकडून लेखी घ्या.
- मराठीतलं एक पानी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. अक्षर मोठं.
- अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठराखालची व्यक्ती 'बालक'च आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र वेगळं लागतं.

पहिला सापळा इथेच आहे. अर्ज दिलात की पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. मी पहिला अर्ज एका कार्यालयात टेबलावर ठेवून आले, तिथले साहेब हसून "करा की, चांगलं काम आहे" म्हणाले होते. महिन्याने साहेबांची बदली झाली आणि माझा अर्ज कधी आलाच नव्हता म्हणे. पंचवीस दिवस गेले.

नकाशे मागायला गेलात आणि टोलवाटोलवी सुरू झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून नेमकं मागा: "प्रभाग क्रमांक अमुकच्या हद्दीचा नकाशा". मात्र आधी गोडीने मागून बघा. माहिती अधिकाराचा अर्ज गेला की चहा मिळायचा बंद होतो.

४. बेसमॅप: कुणाच्या नकाशावर लोक ठिपका टाकणार?

प्रभाग रचनेचे नकाशे अधिसूचनेसोबत प्रसिद्ध होतात, पण बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करून, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवून, हद्द स्वतः काढावी लागते. निवडणूक बदलली की प्रभागही बदलतात, आणि २०११च्या जनगणनेचे वॉर्ड त्यांच्याशी जुळतीलच असं नाही. लोकसंख्येचे आकडे एका हद्दीचे आणि ठिपके दुसऱ्या हद्दीचे, अशी गफलत मी दोन प्रबंधांत पाहिली आहे.

टोपोशीट (सरकारी स्थलदर्शक नकाशा) हवं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेचे नकाशे मिळतात. गल्लीबोळांसाठी त्यांचा उपयोग नाही, प्रकरण दोनमधल्या 'अभ्यासक्षेत्र' नकाशासाठी ठीक.

रोजच्या कामाला ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणालाही सुधारता येतो, आणि लहान गावात तो सुधारावाच लागतो. मी सुरुवात केली तेव्हा माझ्या गावाचे दोन मुख्य रस्ते आणि एक मंदिर एवढंच त्यात होतं. आठवडाभर बसून बोळ, शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या घातल्या. हे करताना दोन पथ्यं पाळा. गूगलचा नकाशा बघून त्यावरून ट्रेस करायचं नाही, परवान्यात बसत नाही. आणि लोकांची मतं तिथे घालायची नाहीत. "इथे भीती वाटते" ही तुमच्या संशोधनाची माहिती आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर फक्त जाऊन तपासता येईल असं: इथे दिवा आहे, इथे पायऱ्या आहेत. छापताना 'ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' हा श्रेयउल्लेख हवाच.

नावांच्या बाबतीत जरा सांभाळून. लोक बोलताना वस्त्यांची जुनी जातिवाचक नावं सर्रास घेतात. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अशी नावं बदलण्याचा निर्णय घेतला आहे. तुमच्या नकाशावर कोणतं नाव छापायचं हे त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवा, शेजारच्या वस्तीतल्या लोकांना विचारून नाही.

परवानग्यांचं एवढंच: १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशे करायला पूर्वीसारखी आगाऊ परवानगी लागत नाही. एक मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेच्या माहितीवर बिगर-भारतीय संस्थांना बंधनं आहेत. मोबाइलचा जीपीएस त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्यांनीही एवढ्यापुरतं घाबरू नये, पण आपल्या गाइडला सांगून ठेवावं. संरक्षण खात्याच्या जागांपासून मात्र लांब राहा.

५. साधन निवडणं

यात लोक महिना घालवतात. एक दुपार पुरे.

*कोबोटूलबॉक्स*: फॉर्म भरून घ्यायला. नेट नसताना चालतं, मराठीत फॉर्म होतो, बिंदू, रेषा आणि क्षेत्र तिन्ही घेता येतात. माझं काम यावरच झालं.

*यूमॅप*: निकाल दाखवायला उत्तम. भरून घ्यायला नको. 'लिंक असलेला कुणीही बदल करू शकेल' असं ठेवलंत तर कुणीही दुसऱ्याचा ठिपका पुसू शकतो. गूगल माय मॅप्सचंही तेच, शिवाय बदल करायला गूगल खातं लागतं आणि लोकांना आपला जीमेल पासवर्ड आठवत नाही.

*मॅपशनेअर*: आल्टोमधल्या कामातून निघालेलं, खास याच कामासाठीचं, पण विकतचं. विभागाकडे परवाना असेल तर भाग्यवान आहात.

*क्यूजीआयएस*: पर्याय नाही, शिकावंच लागेल.

*कागद*: सगळ्यात भरवशाचं साधन. त्याबद्दल सातव्या मुद्द्यात.

६. फॉर्म बनवताना

कोबोमध्ये मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट नीट वाचा. जागेचा साधा प्रश्न टाकलात तर मोबाइल ॲप *फोन जिथे आहे* ती जागा नोंदवतं. ताई स्वयंपाकघरात बसून एसटी स्टँडमागच्या बोळाबद्दल सांगतायत आणि ठिपका पडतोय त्यांच्या चुलीवर. पहिल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मला अशा टाकून द्याव्या लागल्या. प्रश्नाच्या 'अपिअरन्स' रकान्यात प्लेसमेंट-मॅप हा पर्याय दिला की नकाशावर बोट दाबून जागा निवडता येते. जिथे खरोखर उभं राहून नोंद करायची आहे तिथे साधा पर्याय ठेवा आणि अचूकता दहा मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. अरुंद बोळात, दोन्ही बाजूंना माड्या असतील तर यायला वेळ लागतो.

बाकी बारीकसारीक:

प्रश्नाचं दिसणारं वाक्य मराठीत लिहा, पण आतलं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. नाहीतर फॉर्म चढतच नाही.

नकाशा उघडताना तुमच्या गावावरच, जवळून उघडेल असं करा. अरबी समुद्रातला तो ठिपका असाच आला: अख्खा भारत दिसत होता, कुणीतरी अंदाजाने पश्चिमेला बोट टेकवलं.

वय नेमकं नको, गट पुरे. नाव नको. घराचा पत्ता तर नकोच, वस्तीचं नाव पुरतं. मात्र एक रकाना हवाच: ही नोंद कशी आली? लिंकवरून, घरी जाऊन, की बैठकीत? विश्लेषणाच्या वेळी हाच रकाना तुमची लाज राखतो.

फॉर्म तयार झाला की आधी आईला किंवा मावशीला भरायला द्या, आणि त्या वेळी तोंड बंद ठेवा. माझ्या आईने 'सबमिट' दाबण्याआधी विचारलं, "हे कुणाकुणाला दिसणार?" हा प्रश्न माहितीपत्रकात पहिल्या ओळीत गेला.

७. लोकांपर्यंत जाणं

लिंकने येतात ते कोण? स्मार्टफोन स्वतःचा असलेले, दुपारी मोकळे असलेले, आणि ज्यांना आपलं मत विचारलं जाईल याची सवय आहे असे. माझ्या पहिल्या ठिपक्यांत एकही बाई चाळिशीपुढची नव्हती, आणि माझा विषय काय होता ते वर सांगितलंच आहे.

म्हणून मी फ्लेक्सवाल्याकडे गेले. वाढदिवसाचे बोर्ड छापणारा. त्याच्याकडून गावाचा नकाशा सहा फूट बाय चार फूट छापून घेतला. क्यूजीआयएसच्या प्रिंट लेआउटमधून पीडीएफ दिली, रंग फिके ठेवले, आणि चारही कोपऱ्यांत आकडे घातलेली अधिकची (+) चिन्हं ठेवली. (ती का, ते पुढे येतं.) ठिपक्यांसाठी स्टिकर शोधत होते, तर मैत्रिणीची आई म्हणाली, "टिकल्या घे की." लाल टिकली म्हणजे टाळते ती जागा, हिरवी म्हणजे आवडती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, तेवढ्या दिवसांत तीन घरांत नकाशा जमिनीवर अंथरला. बायका वाण घेऊन जाता जाता वाकून टिकली लावायच्या आणि मग उठायच्याच नाहीत.

सुरुवातीला कुणालाच आपलं घर सापडत नाही. "वरची बाजू उत्तर" असं सांगू नका, उपयोग नाही. आधी त्यांना ओळखीचं एक ठिकाण दाखवा, आणि तिथून बोट चालवू द्या. एक आजी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. नातीने पिंपळाचा पार दाखवल्यावर त्यांचं बोट चालू लागलं: पार, गिरण, मारुती, मग उजवीकडे. थांबलं तिथे नकाशावर काहीच नव्हतं. "इथं आड होता. बुजवला. तिथं रात्री कुणी जात नाही." मी ओपनस्ट्रीटमॅपवर आठवडा घालवला होता, आणि आड कुठल्याच उपग्रह चित्रात नव्हता. नंतर त्याच जागेवर आणखी लाल टिकल्या आल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या बाईकडून, कारण मात्र 'दिवा नाही' असं. आडाचं नाव फक्त आजींनी घेतलं.

म्हणून टिकलीसोबत बोलणंही नोंदवायला हवं. एकीने नकाशापाशी बसायचं, दुसरीने वहीत लिहायचं: टिकली क्रमांक, वस्ती, वयाचा गट, एक वाक्य. एकटीने जमत नाही, मी करून पाहिलंय. टिकलीशेजारी मार्करने लगेच आकडा घाला आणि उठण्याआधी फ्लेक्सचा वरून फोटो घ्या. पहिल्या दिवशी मी फोटो न काढता फ्लेक्स गुंडाळली. घरी येऊन उलगडली तर अर्ध्या टिकल्या फ्लेक्सच्या पाठीला चिकटलेल्या.

बैठक कुठे घेता यावर कोण येतं हे ठरतं. एका प्रभागाची बैठक देवळाच्या सभामंडपात ठेवली, गर्दी झाली, मी खूश. घरी आल्यावर वहीतल्या वस्त्या मोजल्या, तर ओढ्यापलीकडच्या दोन वस्त्यांतलं कुणीच नव्हतं. "बोलावलं होतं, आल्या नाहीत" असं मला सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात तोच नकाशा पलीकडच्या समाजमंदिरात नेला. तिथे ओढ्यावरच्या फरशीवर लाल टिकल्या चिकटवायला जागा उरली नाही. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते आणि मुलं शाळा बुडवतात. आधीच्या बैठकीत त्या फरशीवर एकही टिकली नव्हती.

मदतीला अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना धरा, पण त्यांचा वेळ फुकट समजू नका. ग्रामपंचायतीचं क्षेत्र असेल तर ग्रामसभेआधी होणारी महिला सभा ही चांगली संधी आहे. राजकीय माणसं येतीलच. "आमच्या वॉर्डात लाल कमी दाखवा" असं एकाने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले, आणि वहीत लिहून ठेवलं.

८. कागदावरून संगणकावर, आणि तिथले खड्डे

फ्लेक्सचा फोटो क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये घ्या. कोपऱ्यातली ती अधिकची चिन्हं इथे कामी येतात, कारण त्यांचे अक्षांश-रेखांश तुम्हाला आधीच माहीत असतात. चार कोपरे आणि मध्ये एक-दोन ठळक चौक घेतले तर काम होतं. मग प्रत्येक टिकलीवर एक बिंदू.

नेहमीचे घोटाळे सांगते:

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. कोबो आधी अक्षांश देतं, मग रेखांश. जिओजेसन या नकाशाच्या फाईलप्रकारात आधी रेखांश. उलट झालं की साताऱ्याचे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या आसपास थंडगार समुद्रात जाऊन बसतात. आणि रकाना रिकामा राहून शून्य-शून्य झालं तर आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये.

मीटरमध्ये अंतर मोजायचं तर लेअर यूटीएममध्ये (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत) न्या. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाड्याचा बहुतेक भाग ४३ उत्तर पट्ट्यात येतो; सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. ७८ अंश रेखांशापलीकडे, म्हणजे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीला ४४, ईपीएसजी ३२६४४. अमरावती शहर थोडक्यात अलीकडे राहतं. सीनिअरची फाईल उचलून वापरणाऱ्या विदर्भातल्या मित्रांनी हे आधी तपासा.

कोबोतून उतरवलेली सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाईल) थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा कचरा दिसतो. फाईल बिघडलेली नसते. डेटा टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. त्या कचऱ्यावर 'सेव्ह' मात्र दाबू नका.

नकाशाची माहिती साठवायला शेपफाईल हा जुना फाईलप्रकार वापरू नका, जिओपॅकेज वापरा. शेपफाईलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि मजकुराच्या रकान्यात २५४ बाइट मावतात. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम चौऱ्याऐंशी चिन्हं, काना-मात्रा धरून. लोकांची वाक्यं मध्येच तुटलेली मला दिसली ती प्रकरण चार लिहिताना.

९. हीटमॅपच्या प्रेमात पडू नका

लाल-पिवळा हीटमॅप (ठिपके दाट तिथे रंग गडद) दिसतो झकास, आणि सगळे तोच करतात. पण तो दाखवतो ते मुख्यतः *तुम्ही कुणाला भेटलात*. देवळाजवळ बैठक घेतली तर देवळाजवळ लाल. शिवाय लेअर अंशांत असेल तर त्रिज्याही अंशांत जाते आणि अख्खा तालुका पेटतो.

मी केलं ते साधं होतं. शंभर मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येकात ठिपके किती हे न मोजता वेगवेगळ्या *वस्त्यांतल्या* किती जणींनी नोंद केली ते मोजलं. मग नोंदीच्या मार्गाप्रमाणे तीन वेगळे नकाशे शेजारी शेजारी छापले: लिंक, घरभेट, बैठक. तिन्ही एकमेकांशी जुळत नव्हते. मी घाबरले, सर पहिल्यांदा खूश झाले. व्हायवात चर्चा झाली ती त्याच पानावर.

रिकाम्या चौकोनांचा वेगळा नकाशा करा. तिथे समस्या नाही, की तिथे आपण गेलोच नाही? माझ्या बाबतीत निम्म्याहून जास्त चौकोनांचं उत्तर दुसरं होतं. हे 'मर्यादा' या प्रकरणात शेवटच्या पानावर दडपू नका, मुख्य निष्कर्षांत घ्या.

१०. लिंक जाहीर करण्याआधी एक रात्र थांबा

एका बाईंनी स्वतःच्या दारासमोर लाल टिकली लावली होती: "इथं संध्याकाळी पिऊन बसतात." ती टिकली यूमॅपवर जशीच्या तशी गेली असती, तर तक्रार कुणी केली हे त्या बोळातल्या प्रत्येकाला कळलं असतं, पिणाऱ्यांना आधी. नाव घेतलं नाही म्हणजे ओळख लपली, असं लहान गावात होत नाही. जागा हेच नाव असतं.

म्हणून जाहीर नकाशावर मूळ बिंदू नकोत, चौकोन दाखवा. ज्या चौकोनात तीनपेक्षा कमी जणांची नोंद आहे तो झाकून टाका. लोकांची वाक्यं छापताना त्यांना जागेपासून तोडा. मूळ फाईल पासवर्डखाली, आणि ती किती दिवसांनी पुसणार ते संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे खरंच पुसा.

११. परत देणं

प्रबंध बांधून दिला की विद्यापीठाच्या लेखी विषय संपतो. गावाच्या लेखी तुम्ही "नकाशावाली" असता आणि "पुढं काय झालं?" हे बाजारात गाठून विचारतात.

मी दोन गोष्टी केल्या. मुख्याधिकाऱ्यांना चार पानी मराठी टिपण दिलं, त्यात फक्त नकाशा आणि जागांची यादी: कोणता खांब, कोणती फरशी, किती जणींनी सांगितलं. पोच घेतली. आणि नवी फ्लेक्स छापून तिन्ही घरांत, सभामंडपात आणि समाजमंदिरात नेऊन दाखवली. पहिल्यांदा आलेल्या सगळ्या आल्या नाहीत, काही नव्या आल्या.

वेळ असेल तर हे दाखवणं प्रबंध सादर करण्याआधी करा, कारण लोक चुका काढतात. मी गिरणीचा बोळ एक बोळ अलीकडे दाखवला होता. सभामंडपातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. समाजमंदिरातल्या सातवीच्या मुलीने वाकून बघितलं, माझ्या हातातला मार्कर घेतला आणि बाण काढून दिला.